बेयाच्या हातची शर्मूला

ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, त्या घरी रमजान ईदची शर्मूला शिजत नाही. शेजारीपाजारी आणून देतात. समुद्रकाठच्या आमच्या स्फाक्स शहरात हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते आपसूक अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून रमजान संपत आलेला असताना नुकतीच बायको गेलेला चपलावाला हेदी एका हातात खारवलेला मासा आणि दुसऱ्या हातात कांद्यांची भलीमोठी पिशवी घेऊन भर दुपारी गल्लीतून आला, तेव्हा गल्लीच्या भुवया वर गेल्या नसत्या तरच नवल.

शेजारची नझीहा दारातच होती. ती बहुतेक वेळ दारातच असते. वयाने हेदीपेक्षा मोठी, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि गल्लीतलं काहीही तिच्या नजरेतून सुटत नाही.

"हेदी, हे काय?"

"कांदे."

"ते मला दिसतंय. डोळे अधू झालेत, गेले नाहीत अजून. कुणासाठी?"

"घरासाठी. ईदची शर्मूला करायचीय."

"अरे देवा! बेयाला जाऊन अजून थंडीसुद्धा सरली नाही. यंदा तुमच्याकडे भांडं चढवायचं नसतं. वाडगे आणून द्यायला आम्ही काय मेलोय का सगळे?"

"लल्ला नझीहा, तुमच्या वाडग्यांवर माझा राग नाही," हेदी म्हणाला. मोठ्या बाईला लल्लाच म्हणायचं, आणि तिच्याशी बोलायचं म्हणून त्याने पिशवी खाली ठेवली. "पण ईदच्या सकाळी या घरात बेयाच्या हातचीच शर्मूला खाल्ली गेलीय. यंदा खंड पडला की पडलाच. मग ती चव कुणाला आठवायची?"

"आणि करणार कोण? तू?"

"विदाद आहे ना."

सुनेचं नाव ऐकून नझीहाने कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली. नझीहा आपणहून आत जाते, असं सहसा होत नाही.

तिचंही खरंच होतं. विदाद केफची, वरच्या डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा माशाचा डोळा बघून ती दचकायची. बेयाने तिला जीव लावला, पण शर्मूलेच्या भांड्यापाशी काही फिरकू दिलं नाही. "तू मसाले निवड, मनुका धू, बाकी माझं मी बघते," एवढंच. अशी सासू कुठल्या गावात नसते?

शर्मूला म्हणजे कांदा आणि मनुका, दुसरं काय. बारीक चिरलेला कांदा ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर इतका वेळ ठेवायचा की तो कांदा होता हेसुद्धा तो विसरला पाहिजे. काळ्या मनुका शिजवून, गाळून त्यांचा दाट रस त्यात ओतायचा, मसाले घालायचे आणि आटवत बसायचं. ईदच्या सकाळी खाऱ्या माशाच्या उकडलेल्या तुकड्याबरोबर ती ताटात येते. गोड आणि खारट एकाच घासात. बाहेरगावचे लोक तोंड वाकडं करतात. करोत बापडे. आमच्याकडे दोन घरांची शर्मूला कधी एकसारखी नसते, आणि आपल्या घरचीच खरी याबद्दल कुठल्याच घराला शंका नसते.

हेदीने सगळं आयुष्य जुन्या शहरातल्या एका अरुंद दुकानात चपला शिवण्यात घालवलं. त्याच्या हातची चप्पल घातलेला माणूस पुन्हा दुसरीकडे जात नसे. पण त्या दुकानात नोकर टिकत नसे, हेही तितकंच खरं. शिवण केसभर जरी वाकडी दिसली, तरी हेदी टाके उसवून परत शिवायला लावायचा. "चांगलं झालंय, पण..." अशीच त्याची सुरुवात असायची. आता त्याचा धंदा या "पण"वरच चालायचा, त्याला कोण काय म्हणणार? वाईट एवढंच की संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना तो हा "पण" आत ठेवून येत नसे. बरोबर घरी घेऊन यायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच ईदला बेयाने शर्मूला केली. हेदीची आई, त्याची उम्मी, तेव्हा अंथरुणाला खिळली होती, पुढच्या ईदपर्यंत ती राहिली नाही. हेदीने पहिला घास घेतला, मान हलवली आणि म्हणाला, "छान आहे, पण उम्मीची और असते." नव्या नवऱ्याने नव्या नवरीची केलेली थट्टा. बेया हसली. पुढच्या वर्षी तो पुन्हा तसंच काहीतरी म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ते ईदच्या नमाजासारखंच ठरून गेलं. बेया ताट वाढून पदरासारखी डोक्यावरची चादर सारखी करत उभी राहायची. तो घास घ्यायचा, मान हलवायचा, "छान आहे, पण..." आणि ती भाकर मोडायला बसायची. चाळीसेक वर्षं हे असंच चाललं. आपण काही लागट बोलतो, असं हेदीला कधी वाटलंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

त्या दुपारी सून-सासरे अंगणातल्या शेगडीपाशी बसले. विदादने कांदे चिरले, डोळे पुसले, पुन्हा चिरले. हेदी ओट्यावर बसून हुकूम सोडत होता.

"आच कमी कर. कांदा करपला की संपलं."

"उम्मी बेया पण इतकी कमी ठेवायच्या?"

"म्हणजे काय! आच आहे की नाही, हे हात लावून बघावं लागायचं."

"आणि दालचिनी किती?"

"भरपूर. दालचिनीचा वास तर गल्लीच्या टोकापर्यंत यायचा."

विदाद थांबली. "बाबा, गेल्या वर्षी मसाले मीच निवडले होते. दालचिनीचा एकच तुकडा होता. गुलाबकळ्या मात्र ओंजळभर होत्या."

"गुलाबकळ्या? काहीतरीच. शर्मूलेत गुलाबकळ्या घालत नाहीत आपल्याकडे."

तेवढ्यात हेदीचा मुलगा लोत्फी कामावरून आला. रोज्याने त्याचं तोंड सुकलं होतं, तरी पंचायतीत पडल्याशिवाय त्याला राहवलं नाही. "गुलाबकळ्या नाही आणि दालचिनीही नाही. मी शाळेत होतो तेव्हा त्यात कबाबचिनी असायची. जिभेला चुरचुरायची. मला पक्कं आठवतंय."

"तुला काय आठवतंय! तू तर माशाचे काटे काढून द्या म्हणून रडायचास."

असे तिघं तीन बाजूंना. एक दालचिनी म्हणतो, एक गुलाब, एक कबाबचिनी. हेदीला वाटलं, या पोरांनी आयुष्यभर काय खाल्लं आणि लक्ष कुठे होतं यांचं? शेवटी घरातला मोठा तो, म्हणून दालचिनी पडली. विदादने नजर चुकवून थोड्या गुलाबकळ्याही टाकल्या. हेदीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग खरी अडचण आली. मनुकांचा रस पडला, भांडं बुडबुडू लागलं, आता चाखायला हवं होतं. हेदीचा रोजा, लोत्फीचा रोजा. ज्याला चव ठाऊक, त्याला चाखता येईना. विदादचा मात्र त्या दिवसांत रोजा नव्हता. का नव्हता, हे आमच्या घरांत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. बाई कोपऱ्यात तोंड फिरवून पाणी प्यायली की पुरुषांनी छताकडे बघायचं, एवढा शहाणपणा सगळ्यांना असतो. हेदीनेही जन्मभर छताकडेच बघितलं होतं. आज त्याने घसा खाकरला.

"समजा... समजा कुणाला चाखता येत असेल, तर तिने चाखून बघावं. मी रस्त्याकडे बघतोय."

विदाद लाजून लाल झाली. लोत्फीला एकाएकी आत काहीतरी काम आठवलं. हेदी रस्त्याकडे तोंड करून बसला. मागे चमच्याचा आवाज आला.

"कशी आहे?"

"गोड."

"किती गोड?"

"गोड म्हणजे... गोड, बाबा."

"अगं, खजुरासारखी गोड, मधासारखी गोड, की आधी गोड आणि मग जिभेच्या मागे जरा तिखट?"

"आधी गोड. मग पण गोड."

"मग मिरी घाल."

मिरी पडली. पुन्हा चमचा, पुन्हा प्रश्न. भिंतीपलीकडून नझीहाच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा ती दारात नव्हती तरी कान मात्र कुठे होते ते कळलं.

सूर्य बुडाला, रोजा सोडायची तोफ झाली. हेदीने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला आणि सुपाकडे न बघता सरळ भांड्याकडे गेला. भाकरीचा तुकडा बुडवून त्याने तोंडात घातला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. विदादने चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

हेदी बराच वेळ घास घोळवत राहिला. त्या घासात बेया नव्हती. कांदा होता, मनुका होत्या, दालचिनी तर ढीगभर होती. बेया कुठेच नव्हती. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा कळलं की ती खरोखर गेली. दफनाच्या दिवशीही हे त्याला इतकं कळलं नव्हतं. आणि ज्याला रडता येत नाही तो माणूस जे करतो, तेच त्याने केलं. ओरडला.

"ही नाही! ही तिची नाही! दिवसभर बसून हे केलंत? टाकून द्या!"

विदाद उठली. तिने भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते आत नेलं. लोत्फी म्हणाला, "बाबा, तिने दुपारपासून..." पण हेदी चपला घालून बाहेर पडला होता.

शेजारी नझीहा तिच्या अंगणात मसाला कुटत बसली होती. दरवर्षी रमजानच्या शेवटी ती आणि बेया याच खलबत्त्याशी समोरासमोर बसत. आता समोर कुणी नव्हतं.

"लल्ला नझीहा, तुम्हाला ठाऊक असेल. चाळीस वर्षं तुम्ही तिच्याबरोबर मसाला कुटलात. बेयाच्या शर्मूलेत काय काय असायचं, तेवढं सांगा. मी पाया पडतो तुमच्या."

नझीहाने हातातला दांडा थांबवला. "कुठल्या वर्षीच्या?"

"कुठल्या वर्षीच्या म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या वर्षीच्या. लग्नाच्या वर्षी दालचिनी होती. तू म्हणालास, उम्मीची और असते, इतकी उग्र नसते. तिने दालचिनी काढली, कबाबचिनी घातली. तू म्हणालास, छान आहे, पण उम्मीची दाट असायची. पुढल्या ईदला तिने दोन दिवस कांदा आटवला, तर म्हणालास, उम्मीचा रंग असा काळपट नसायचा. केर्केनाच्या बेटावर तुझी म्हातारी मावशी होती, आठवते? बेया बोटीने तिच्याकडे जाऊन आली. तुला सांगितलं बहिणीकडे जाते म्हणून. बोट लागून ओकत गेली आणि ओकत आली. मावशीने गुलाबकळ्या सांगितल्या. त्या वर्षी काय म्हणालास, तुझं तुला आठवतंय?"

हेदीला आठवत नव्हतं. पण काय म्हणाला असेल, हे त्याला न आठवताही माहीत होतं.

"मी थट्टेत म्हणायचो," तो म्हणाला.

"ती थट्टेत करत नव्हती, हेदी."

नझीहाचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "दरवर्षी ईद झाली की ती मला येऊन सांगायची, नझीहा, यंदाही जमली नाही गं, पुढल्या वर्षी बघू. गेल्या वर्षी तिला शेगडीपाशी बसवतही नव्हतं. तरी म्हणाली, बहुतेक गुलाब जास्त झाला, पुढल्या ईदला कमी करते. बेयाच्या हातची शर्मूला मागतोयस तू? तशी एक कधी झालीच नाही. तू होऊ दिली नाहीस. मी कुठून आणून देऊ?"

हेदी खाली बसला, तिथेच, बेयाच्या जागेवर.

"एक विचारू?" नझीहा म्हणाली. "तुला तरी आठवते का रे तुझ्या उम्मीची चव?"

हेदीने डोळे मिटले. आईचे मेंदीने रंगलेले तळहात आठवले. ईदच्या सकाळी ती कपाळाचं चुंबन घ्यायची ते आठवलं. तिचा खोकला आठवला. चव शोधत तो खूप आत गेला, आणि तिथे काहीच नव्हतं. कधीपासून नव्हतं कोण जाणे.

"नाही," तो म्हणाला.

नझीहाने पुन्हा दांडा उचलला, पण कुटलं नाही. म्हातारी वाईट नव्हती. तिने हेदीला पाणी दिलं, आणि तो उठेपर्यंत दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहिली. पाण्याच्या नळाबद्दल, गल्लीतल्या मांजरांबद्दल.

ईदच्या सकाळी नमाज झाला आणि माणसं कबरस्तानाकडे वळली. हेदी बेयाच्या कबरीपाशी उभा राहिला. रात्रभर त्याने खूप काही जुळवून ठेवलं होतं, पण माती माती असते, ती ताट वाढून समोर उभी राहत नाही. फातिहा पढून तो परत आला. वाटेत त्याला एवढंच वाटत होतं की एकदा, निदान एका वर्षी, ते वाक्य मी "छान आहे" इथे थांबवायला हवं होतं. फार काही नाही. नुसतं थांबायचं होतं.

घरी टेबलावर वाडगे मांडलेले. सगळ्या गल्लीने आपापली शर्मूला पाठवली होती. कुणाची काळी, कुणाची लालसर, नझीहाची तेलाने चमकणारी. मासा उकडलेला, भाकरी कापडात गुंडाळलेल्या. विदाद ताटं लावत होती.

"तुझी कुठे आहे?" हेदीने विचारलं.

"कुठली, बाबा?"

"आपली. तू केलेली."

विदादने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही टाकून द्या म्हणाला होतात."

"टाकलीस?"

"नाही. अन्न टाकवेना."

"मग आण."

ती घेऊन आली. हेदीने माशाचा तुकडा घेतला, वर शर्मूला घातली, घास तोंडात टाकला. लोत्फीनेही घेतली, चावली, मान हलवली आणि अगदी बापाच्याच आवाजात म्हणाला, "छान आहे, पण..."

हेदीचा हात त्याच्या मनगटावर पडला. इतका जोरात की चमचा ताटात खणकला.

"पणबिण काही नाही. खा."

लोत्फी बघतच राहिला. विदादला वाटलं, आता काही ओरडा बसणार. ती घाईघाईने म्हणाली, "बाबा, मला ठाऊक आहे, कांदा तळाशी जरा लागलाय. दालचिनीही जास्त झालीय. पुढल्या वर्षी मी..."

"पुढल्या वर्षी हीच," हेदी म्हणाला. "कांदा लागलाय तर लागू दे. पुढल्या वर्षीही तेवढाच लागला पाहिजे. आणि त्या गुलाबकळ्या मी बघितल्या होत्या. त्याही घाल. एक मनुका इकडची तिकडे झालेली मला चालणार नाही, सांगून ठेवतो." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि त्याने मान खाली घालून आणखी एक घास घेतला. विदाद ओढणीने डोळे पुसत हसली. हे रागावणं आहे की कौतुक, हे त्या घरात कुणालाच नीट कळलं नाही, पण सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर हेदीने नझीहाचा वाडगा घेतला. त्यातली शर्मूला बशीत काढली, वाडगा धुतला आणि स्वतःच्या हाताने विदादच्या भांड्यातून तो काठोकाठ भरला. विदाद म्हणाली, "बाबा, मी नेते, तुम्ही कशाला?" पण तो ऐकेना. शिवाय यंदा या घरातून वाडगा बाहेर जाणं रीतीला धरून नव्हतं. ईदच्या नव्या कपड्यांत, दोन्ही हातांत वाडगा धरून चपलावाला हेदी गल्लीतून चालला होता आणि लोक आपापल्या दारांतून बघत होते.

नझीहाने दारातच वाडगा घेतला. रीत मोडल्याबद्दल काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, हेदीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाडगा जवळ ओढला. मग बोट बुडवून चाखलं. हेदी उंबऱ्याबाहेर उभा होता. ती जीभ फिरवून विचार करत होती, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्याने चव घेताना असं समोर उभं राहायची त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली होती.

"जरा गोड झालीय," नझीहा म्हणाली. "आणि करपलीय थोडी."

"हो," हेदी म्हणाला. "आमच्या विदादची अशीच असते."